महापौर ड्वायर यांचा रविवारचा पूल

“रविवारपर्यंत ओढ्यावर पूल उभा पाहिजे!” महापौर ड्वायर टेबलावर मूठ आपटून गरजले. आणि वार होता गुरुवार!

झालं होतं असं. १९५५ सालची निवडणूक येत्या मंगळवारवर येऊन ठेपलेली. बुधवारच्या सभेत ओढ्यापलीकडच्या वस्तीतलं कुणीतरी ओरडलं, “पुलाचं काय झालं?” महापौर भरात बोलून गेले, “रविवारी त्यावरून चालाल! नाही चाललात, तर मला मत देऊ नका!” अमेरिकेतल्या हॅडलीव्हिल शहराचे ते वीस वर्षं महापौर. तोंडाला येईल ते बोलायचे, जाब कोण विचारणार? पण या वेळी वर्तमानपत्रांनी तेच वाक्य पहिल्या पानावर छापलं!

इंजिनियर म्हणाला, “आठ महिने लागतील.” त्याला हाकललं. तेवढ्यात फरशी पुसणारी लोरेटा खुदकन हसली.

“हसतेस काय? तू त्याच वस्तीतली ना? मग तूच बांध पूल! नाही झाला, तर सोमवारपासून कामावर येऊ नकोस!”

लोरेटाला नोकरी गमावणं परवडणारं नव्हतं. नवरा नाही, घरात तीन खाणारी तोंडं. तरी ती म्हणाली, “बांधते, साहेब. एक ट्रक आणि चार गडी द्या. अन् रविवारपर्यंत तिकडे फिरकू नका.”

रविवारी बँड आणि फोटोवाले घेऊन महापौर पोचले. बघतात तर काय! गुडघाभर पाण्यात पाच थोराड दगड ओळीनं बसवलेले, आणि त्यांवरून म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा खुशाल ओढा ओलांडताहेत.

“हा पूल? हे दगड कुठले?”

“तुमचेच, साहेब! दर निवडणुकीला या पुलाची पायाभरणी करून गेलात. पाच निवडणुका, पाच दगड. काठावर गवतात लोळत होते, कामाला लावले.”

महापौर वाकले. प्रत्येक दगडावर सोनेरी अक्षरांत त्यांचंच नाव!

“अगं, लोक माझ्या नावावर पाय देताहेत!”

“मग काय करतील? वीस वर्षं या नावाला मत दिलं, ओढा काही ओलांडता आला नाही. आज पाय दिला आणि लगेच पलीकडे!”

फोटोवाल्यांचे दिवे लखलखले. महापौर आधी लाल झाले, मग जांभळे, आणि शेवटी त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. “हरलो बाई! उद्याच खऱ्या पुलाची पायाभरणी करतो!”

“दगड तेवढा आणू नका, साहेब. ओढ्यात सहाव्याला जागा नाही!”

महापौर पोट धरधरून हसले. सोमवारी सकाळी काठावर थेट लोखंडी तुळया येऊन पडल्या, आणि कामावर देखरेख करायला, दुप्पट पगारावर, लोरेटा!