डॉक्टरांचा शब्द

"आणि 'सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल' यात 'आर' कुठे आहे, भन्तेजी? तरी आपण 'कर्नल' म्हणतोच ना?"

"म्हणतो," भन्ते म्हणाले. चीवराचा उसवलेला काठ ते शिवत बसले होते.

प्रशिकला हुरूप आला. त्यानं आणखी एक शब्द काढला. लिहायचा 'विक्चुअल्स', म्हणायचा 'व्हिटल्झ'. अर्थ, खाण्यापिण्याच्या वस्तू. "नागपुरातल्या भल्याभल्या प्राध्यापकांना विचारला. एकालाही आला नाही."

"बरं."

चीवर घेण्याआधी भन्ते नागपूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत. प्रशिक त्यांच्या शेवटच्या वर्गातला. आता तो स्वतः शिकवायचा. शिवाय रोज एका दुर्मीळ इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उच्चार मोबाइलवरून सांगायचा. हजारो लोक ऐकायचे, वाहवा करायचे. पण भन्तेंची वाहवा अजून मिळालेली नव्हती. तेवढ्यासाठी तो वैनगंगेच्या काठावरच्या या लहानशा विहारात आला होता.

"तुम्हीच विचारा ना एखादा. मला न येणारा."

भन्तेंनी सुईत दोरा ओवला.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. शेजारच्या गावचा दुधराम होता. आठवडी बाजारात शिंगाडे विकणारा. त्याच्या आचलला, नऊ वर्षांच्या पोरीला, पावसाळ्यापासून झटके येत होते, हे भन्तेंना ठाऊक होतं.

तो वंदन करून खाली बसला.

"पोरगी कशी आहे, दुधरामभाऊ?"

"कालही झटका आला जी. त्या डॉक्टरकडं आता जात नाई मी. गोया बी बंद केल्या."

भन्तेंचा हात थांबला. "गोळ्या बंद केल्या? का?"

"त्यानं माह्या पोरीले इडियट म्हनलं. माह्या तोंडावर."

"असंच म्हणाले?"

"म्या इचारलं, कायनं झालं जी हे? तं म्हने, इडियट... इडियटपॅथी. असंच कायतरी. अशा मानसाच्या हातच्या गोया कायले खाईन ते?"

प्रशिकला हसू आवरलं नाही.

"इडियट नव्हे हो! इडिओपॅथिक. म्हणा बरं."

दुधरामनं त्याच्याकडे पाहिलं, मग भन्तेंकडे. "इडे... इडेपाथिक."

"इडि-ओ. 'ओ' खाऊ नका. आणि जोर 'पॅ'वर."

"इडोपा..." दुधरामचे कान लाल झाले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यानं तोंड पुसलं. "जमन नाई जी मले. मतलब काय त्याचा?"

मतलब सांगणं हा तर प्रशिकचा हातखंडा. तो सरसावून बसला. "शब्द मूळचा ग्रीक. 'इडिओस' म्हणजे स्वतःचा, आपला. 'पॅथॉस' म्हणजे पीडा. म्हणजे बाहेरून आलेला नव्हे, आपल्या आपणच आतून उपजलेला आजार."

"आतून?"

"आतून."

दुधरामनं दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "म्हनजे माय म्हंते तेच खरं हाय."

"काय म्हणते आई?" भन्तेंनी विचारलं.

"आचल पोटात होती तवा गिरान लागलं होतं. त्या गिरानात माह्या बायकोनं, सुनीतानं, भाजी चिरली. माय म्हंते, पोरीचं दुखनं तिच्याच पोटातून आलं. पह्यल्या झटक्यापासून सुनीताले घरात सुखानं जेवू देल्लं नाई तिनं. आता पोरीले घेऊन माहेरी गेली थे... मले वाटे, माय चुकत असन. पन शब्दातच हाय ते."

तो उठला.

"तसं नाही, दुधरामभाऊ," प्रशिक घाईनं म्हणाला. "ती फक्त शब्दाची फोड आहे. म्हणजे... वैद्यकात त्याचा अर्थ..." त्यानं सांगितलेलं सगळं बरोबर होतं आणि समोरचा माणूस दाराकडे निघाला होता.

"बसा, दुधरामभाऊ," भन्ते म्हणाले.

दुधराम उभाच राहिला.

भन्तेंनी सुई बाजूला ठेवली. "प्रशिक, आचलला झटके कशानं येतात?"

"मी कसं सांगणार? मी डॉक्टर नाही."

"कशानं येतात?"

"तसं पाहिलं तर मेंदूत अनेक कारणांनी..."

"आचलला कशानं येतात?"

वर्गात नाही, मोबाइलपुढे नाही, इतक्या वर्षांत हे वाक्य प्रशिकनं कुणासमोर उच्चारलं नव्हतं. शिंगाडे विकणाऱ्या माणसासमोर ते म्हणताना त्याची मान खाली गेली.

"मला... माहीत नाही."

भन्ते दुधरामकडे वळले.

"डॉक्टर एवढंच म्हणाले."

दुधरामला पटेना. "डॉक्टर होऊन मालूम नाई?"

"तपासलं. कारण सापडलं नाही. तेच त्या शब्दात सांगितलं."

"अन् सुनीता?"

"तिचं नाव त्या शब्दात नाही."

"गिरान?"

"ग्रहणही नाही."

दुधराम आता खाली बसला. दुपट्टा त्यानं दोन्ही डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला. बाहेर नदीकडून कपडे आपटल्याचा आवाज येत होता...

"मंग गोयांचं काय जी?" दुपट्ट्याआडूनच त्यानं विचारलं.

"कारण सापडलं नाही, औषध सापडलं आहे. आजच डॉक्टरकडे जा. गोळ्या थांबवल्या होत्या हे लपवू नका. ते सांगतील तशा सुरू करा."

"हाव जी." तो उठला, दारापर्यंत गेला, थबकला. "आधी सासुरवाडीले जातो. दोघीले घेऊनच जातो डॉक्टरकडं. पन घरी माय हाय..." मग प्रशिककडे वळून त्यानं हात जोडले. "सर, तुमी येता काय संध्याकाळी? मी सांगितलं तं माय म्हनन, बायकोची बाजू घेते. तुमी शिकले-सवरले. तुमचं ऐकन थे."

प्रशिकनं भन्तेंकडे पाहिलं. संध्याकाळच्या गाडीनं त्याला नागपूरला परतायचं होतं. भन्तेंनी पुन्हा सुई हातात घेतली होती.

"येतो," प्रशिक म्हणाला.

दुधराम गेला. त्याची सायकल उतारावरून खडखडत गेली, तो आवाज प्रशिक ऐकत राहिला. वर्गात शिरताना कधी वाटली नव्हती अशी धाकधूक त्याला वाटत होती.

"भन्तेजी... त्या म्हातारीला मी काय सांगू?"

भन्तेंनी टाका घातला.

"जे माहीत नाही, ते."