टिटवीच्या राखणीतलं पाडस

एका माळाकडेच्या जंगलात एक हरिणी राहत असे. हरिणी कसली, कालपरवापर्यंत उड्या मारणारी पोरच ती. तेवढ्यात तिला पाडस झालं. पळसावर बसून म्हातारा वानर कळपातल्या पोरांना धोक्याच्या खुणा शिकवी. हरणांची रीत अशी, की पाडस गवतात लपवायचं आणि आईनं त्याच्यावर लक्ष ठेवायचं. म्हणून हरिणी लांब करवंदीच्या जाळीपाशी एकटीच उभी राही. तुम्ही वर्गात खिडकीबाहेर बघता, तसं नव्हे बरं का. हिला ऐकायचं असूनही ऐकता येत नसे. “बिबट्या आला की मी खाकरतो. तुम्ही कान टवकारा, आणि मग...” एवढं कानी पडे, तोच गवत हले नि ती पाडसाकडे धावे. भ्यायचं कधी ते तिला कळलं. पळायचं कुणीकडे ते राहूनच गेलं.

मैत्रिणी म्हणत, “तुला काय बाई आता शाळेचं?” हळूहळू त्यांनी हाक मारणंही सोडलं. म्हाताऱ्या हरिणी रवंथ करत “लेकरू आधी” म्हणत. लेकराजवळ बसायला मात्र एकीचेही गुडघे वाकत नसत. संध्याकाळी ती पाडसालाच विचारी, “पुढं काय सांगितलं असेल रे?” ते बिचारं दूध पीत राही.

जवळच उघड्यावर एक टिटवी अंडी उबवत होती. तिचं ओरडणं अपशकुनी म्हणून सगळे तिला वळसा घालत. एके दिवशी ती म्हणाली, “अगं पोरी, मी बसलेलीच आहे इथं. अंडी राखते, त्यात तुझं पाडस काय जड? जा, पुढं जाऊन बस.”

“पण कळप काय म्हणेल?”

“मला काय म्हणतो ते ऐकलंयस ना? तरी माझी पिल्लं निघतातच.”

हरिणी गेली. धडा रंगात आला, तोच टिटवी किंचाळली. कोल्हा आला होता. पंख मोडल्याचं सोंग करून टिटवी फरफटत निघाली. कोल्हा लाळ गाळत तिच्यामागं पार ओढ्यापलीकडे. हरिणी ताडकन उठली. वानराला वरून सगळं दिसत होतं. तो म्हणाला, “बस. ती तिचं काम करतेय, तू तुझं कर. तर पोरांनो, मी जिकडे तोंड करून खाकरतो, त्याच्या उलट पळा.”

ती परतली तेव्हा पाडस गाढ झोपलं होतं, टिटवी धापा टाकत अंड्यांवर बसली होती. दुसऱ्या दिवशीही हरिणी पळसाखाली गेली. मैत्रिणी जराही सरकल्या नाहीत, म्हणून कडेलाच बसली. पण शेवटपर्यंत बसली.

तात्पर्य : कोवळ्या आईला शिकवायचं असेल, तर उपदेश राहू द्या, घटकाभर तिचं लेकरू सांभाळा.