राणीनं लपवलेलं नाव

या रे, पांघरुणात शिरा. रेयांश, पाय आत घे. इरा, उशी सोड बाई, ती माझी आहे. हं.

एक होता राजा. त्याच्या राज्यात एक नदी होती. अलीकडच्या काठाला राजाची आमराई आणि पलीकडच्या काठाला कुंभारांची माती. एकदा राजा शिकारीहून तहानलेला आला. कुंभाराच्या लेकीनं, बकुळेनं, त्याला माठातलं पाणी दिलं. पाणी इतकं गार, की राजानं तिथंच लग्न ठरवलं. माणसं मडकं घेतानासुद्धा वाजवून बघतात, पण राजांना घाई फार, बरं का!

मग बकुळा राणी झाली. पण वाड्यातल्या दासी हळूच म्हणायच्या, "राणीसाहेब, पाय धुऊन या, माती लागेल गालिच्याला." तिच्या पायाला काही नसायचं. तरी ती धुऊन यायची. हळूहळू तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. आमराईत गेली की ती नदीकडं पाठ करून बसायची. न जाणो, पलीकडं बाप माती खणत असला आणि त्यानं हात केला तर?

मग राणीला मुलगा झाला. आता नाव काय ठेवायचं? नावं काय, कुठंही सापडतात. कुणी पंचांगात बघतं, कुणी देवाला कौल लावतं, आता तर मोबाईलमध्ये शोधतात. आमच्या किराणा दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं मुलाचं नाव फौजदार ठेवलं होतं. पोरगा मोठा होऊन झाला शिंपी. पण "फौजदार आले" म्हटलं की तंबाखू मळणारे पटकन पुडी लपवायचे!

राजानं मात्र शोधाशोध केलीच नाही. त्याचे वडील वारले होते, त्यांचंच नाव ठेवायचं ठरलं. बारशाला पाळण्याखालून गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मग आत्याबाई वाकल्या आणि बाळाच्या कानात म्हणाल्या, "कुर्रर्र, सूर्यभान!" बायकांनी आत्याबाईंच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, संपलं बारसं.

आणि इथंच घोटाळा झाला, बरं का. जुन्या काळी सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसे आणि बायकोनं नवऱ्याचं. आमच्या दुकानात एक यमुनाबाई यायच्या. त्यांचे सासरे सखाराम, म्हणून साखर म्हणायची चोरी. "पांढरं द्या किलोभर," म्हणायच्या. एकदा नव्या नोकरानं मीठ बांधून दिलं. पाहुणे खारट चहा प्याले, पण बाईंच्या तोंडून साखर काही निघाली नाही.

तसंच वाड्यात झालं. सूर्यभान म्हणजे आजीच्या नवऱ्याचं नाव. मग आजी नातवाला काय म्हणणार? "अहो, दूध प्या ना!" राजा वडिलांना आबासाहेब म्हणायचा, तो पोरालाही आबासाहेबच म्हणे. "आबासाहेब, मिशी सोडा!" दासी म्हणत, "युवराज." आणि बकुळा? ती चारचौघांत स्वतःच्या मुलाला सासऱ्यांना म्हणावं तसं म्हणायची, "मामंजी, इकडं या." हसू नका. तिला किती चोरट्यासारखं व्हायचं ते तिलाच ठाऊक.

म्हणून कुणी नसलं की ती बाळाच्या कानाशी लागायची आणि दुसऱ्याच नावानं हाक मारायची. ते नाव तिनं कुठून आणलं, सांगू? तिच्या बापाच्या गाढवाचं होतं ते! गुलाबी नाकाचं गाढव, त्याचं नाव गुलब्या. बाकीची गाढवं हाक मारली की मान फिरवायची. पण गुलब्या कुठंही असो, हाक कानावर पडली की पळत यायचा. बकुळेला वाटलं, माझंही बाळ असंच यावं. हाक मारली की यावं. म्हणून ती म्हणायची, "गुलब्या, ए गुलब्या." बाळ खुदकन हसायचं. आणि दाराशी पाऊल वाजलं, की ती लाजेनं लाल होऊन म्हणायची, "मामंजी, झोपा आता."

मग बाळ चालायला लागलं. एका उन्हाळ्यात सगळे आमराईत आले होते. आंबे पिळणं चाललं होतं. बाळ एका चतुरामागं धावत धावत नदीच्या डोहाशी गेलं. डोहात राहायची एक म्हातारी. शेवाळाचे केस, शिंपल्यांचे डोळे. तिनं बाळाला अलगद उचललं आणि कमळाच्या मोठ्या पानावर बसवलं.

सगळे धावले. म्हातारी म्हणाली, "थांबा! जे पोर नावाला ओ देत नाही, ते माझं. तीन हाका मारा. ओ दिली तर सोडते."

मग राजा पुढं झाला. मोठ्यानं ओरडला, "श्रीमंत सूर्यभान महाराज!" बाळ चतुराकडं बघत बसलं. त्या नावानं त्याला कुणी हाक मारलीच नव्हती, ते कशाला बघतंय? पान लांब सरकलं.

मग आजी आली. जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली,

"आमराईच्या सावलीत कोकिळेची तान,
डोहाकडं नातू मागते, धनी माझे सूर्यभान!"

म्हातारी खो खो हसली. "अगं, ही तर नवऱ्याला हाक झाली!" पान आणखी सरकलं, डोहाच्या अगदी मध्यावर.

मग राजा म्हणाला, "बकुळे, तू मार हाक."

बकुळेनं तोंड उघडलं आणि सवयीनं आलं, "माम..." तिनं ओठ दाबले. समोर दासी, सरदार, आत्याबाई. आता खरं नाव घेतलं तर सगळ्यांना कळणार. माझं जाऊ दे, पण पोराला जन्मभर हसतील. गाढव म्हणतील राजपुत्राला. तिचे कान तापले, मान खाली गेली. खाली बघते तर काठाच्या चिखलात तिच्या पायाची बोटं रुतलेली. तीच माती. पलीकडची.

पान बुडायला लागलं.

मग बकुळा ओरडली, "गुलब्याऽऽऽ! ए गुलब्याऽऽऽ!"

बाळानं गर्रकन मान वळवली. "ओ!"

आणि पलीकडच्या काठावरून आवाज आला, "हीं-हॉं! हीं-हॉं!"

म्हातारी म्हणाली, "ओ दिली, पोर तुमचं. पण पोचवणं माझं काम नव्हे." आणि तिनं बुडी मारली. पान कलंडलं. सरदार एकमेकांकडं बघत राहिले. तेवढ्यात पाठीवरची मातीची गोणी झटकून, पाणी कापत, गुलाबी नाक वर धरून खरा गुलब्या आला. हाक मारली होती ना त्याला! बाळानं त्याचा कान धरला, पाठीवर चढलं आणि ओलंचिंब काठाला लागलं.

एक दासी फिसकन हसली. राजानं तिच्याकडं बघितलं नाही. तो खाली मान घालून उभा होता. म्हणाला, "माझा मुलगा कोणत्या नावाला ओ देतो, हे मला ठाऊक नव्हतं." आत्याबाई पदराचं टोक पिळत बसल्या.

मागून होडीतून बकुळेचा बाप आला. राजाला मुजरा करायला वाकला, तर राजाच आधी त्याच्या पाया पडला. लग्नानंतर सासऱ्याला एकदाही बोलावलं नव्हतं त्यानं.

बापानं विचारलं, "बकुळे, पोराला गाढवाचं नाव ठेवलंस?"

"हो दादा." तिची मान अजून खालीच.

"येड्या पोरी! मग आता गाढवाला काय म्हणू मी?"

बकुळा हसली, रडली, आणि तिनं मान वर करून लग्नानंतर पहिल्यांदा बापाकडं नीट बघितलं.

आजी म्हणाली, "त्याला अहो म्हणा, व्याहीबुवा. आमच्याकडं आता तो शब्द मोकळा आहे."

मग दुसरं बारसं झालं. या खेपेला आत्याबाईंनी आधी आईला नाव विचारलं आणि मग कुर्रर्र केलं. दरबारात तो सूर्यभान, घरी गुलब्या. पुढं तो राजा झाला. कुणीही हाक मारली की ओ द्यायचा आणि उठून जायचा. कुंभार आमराईत यायला लागले, राणी नदीकडं तोंड करून बसायला लागली, आणि गाढवाला रोज गूळ मिळायला लागला.

संपली गोष्ट. आता बघू, कोण जागं आहे.

रेयांश? ए बोक्या?

"ओ."

डोळे मीट. इरा? ए ढेमशा?

...ढेमशा?

झोपली वाटतं. बोक्या, तूही झोप. सकाळी हाक मारीन, तेव्हा ओ दे.