जागा होती

"पण एकदा तरी कारण सांगाल की नाही?" केतकीने विचारलं.

अप्पा चौगुले पत्र्याच्या शेडमध्ये उलट्या टायरवर बसून थर्मासमधला चहा पीत होते. त्यांनी झाकण फिरवून घट्ट बसवलं.

"वरच्या लीगचा माणूस आलाय," ती म्हणाली. "स्वतःहून आलाय. म्हणतो, पुढच्या हंगामात या मुलीला घेतो, तिच्या गुरूने फक्त हो म्हणावं. आणि तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

"सांगितलं, अजून तयार न्हाई."

"मी?"

"तू."

बाहेर शर्यतीच्या पट्टीवर पाणी मारणारा टँकर घरघरत फिरत होता. सप्टेंबर संपत आला होता. हंगामातला शेवटचा सामना तासाभरावर होता.

थॉर्नवेल हे इंग्लंडच्या पूर्वेकडचं, बीट आणि बटाट्याच्या शेतांमधलं लहानसं गाव. तिथला संघ मोटरसायकल शर्यतींच्या सगळ्यात खालच्या लीगमध्ये खेळे. लंबगोल मातीची पट्टी, चार गाड्या, चार फेऱ्या, मिनिटभराचा खेळ; अशा पंधरा शर्यतींचा एक सामना. गाडीला एकच गिअर. ब्रेक नाहीच. समोर ताणलेल्या फिती वर गेल्या की सुटायचं. वळणावर मागचं चाक घसरवत न्यायचं, डावा पाय जमिनीवर टेकवायचा, म्हणून डाव्या बुटाला लोखंडी तळवा. बघायला येत ते बहुतेक आजोबा आणि नातवंडं. पण इथूनच पोरं वर जात.

अप्पा विशीत कागलजवळच्या खेड्यातून इकडच्या एका ओतकारखान्यात कामाला आले. एका शनिवारी शर्यत बघायला म्हणून गेले ते तिथलेच झाले. पुढे पळाले, संघाचे कप्तान झाले, आणि आता संघ तेच बांधत, पोरं तेच घडवत. गोरी पोरंही त्यांना अप्पाच म्हणत. त्यांच्या शब्दावर वरची लीग माणूस घेई किंवा सोडून देई.

केतकी खराडे लेस्टरला वाढली. आईवडील सांगलीचे. हातात इंजिनिअरिंगची पदवी. म्हाताऱ्या माणसांच्या गप्प बसण्याचा तिला मनस्वी कंटाळा होता. तिच्या मते गप्प बसणं हे पुष्कळदा उत्तर नसल्याचं लक्षण असतं. केस पांढरे असले की लोकांना उगाच ते खोल वाटतं, एवढंच.

"बरं," ती म्हणाली, "मी विचारते, तुम्ही उत्तरं द्या. या हंगामात आपल्याकडून सगळ्यात जास्त शर्यती कोणी जिंकल्या?"

"तू."

"फिती वर गेल्या की सगळ्यांच्या आधी कोण सुटतं?"

"तू."

"आणि अख्ख्या लीगमध्ये एकदाही न पडलेलं माणूस कोण?"

"तू," अप्पा म्हणाले. "त्येच सांगितलं मी त्याला."

 केतकीला राग आला.

न पडणारी मुलगी. गावच्या वर्तमानपत्राने तिचा फोटो छापून वर तेच लिहिलं होतं. आईने ते कात्रण सांगलीला पाठवलं होतं. आणि हा माणूस तेच दोष म्हणून सांगत होता.

तिला पहिला बुधवार आठवला. दर बुधवारी अप्पा एक वळण भिजवून घेत आणि पोरांना गाडी पाडायला लावत. ब्रेक नाही, त्यामुळे समोर कुणी आडवं पडलं तर थांबायचा एकच मार्ग उरतो. आपणच आपली गाडी आडवी टाकायची आणि तिच्यासोबत घसरत जायचं. हळू वेगात, मग जोरात, पुन्हा, पुन्हा. पोरं चिखलाने माखून निघत, एकमेकांना हसत.

"मी पळायला आलेय," केतकी तेव्हा म्हणाली होती. "पडायला नाही."

"बरं," असं म्हणून अप्पांनी तिला त्यानंतर कधी बुधवारी हाक मारली नाही. तिने तो आपला विजय धरला होता.

"म्हणजे तुम्हाला तो बुधवार लागलाय," ती आता म्हणाली. "तुमचं ऐकलं नाही म्हणून."

"माझं कोण ऐकतंय. माझी म्हातारीसुद्धा ऐकत न्हाई."

"चेष्टा नको, अप्पा. माझं आयुष्य आहे हे."

"व्हय," ते म्हणाले. "आयुष्यच आहे."

ते उठले. त्यांचा उजवा पाय वाकत नसे, त्यामुळे उठायला वेळ लागे. मागच्या फळीवरून त्यांनी एक पांढरं हेल्मेट काढून आणलं.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"ओवेनचं. मे महिन्यात पाहुण्या संघातून आला होता तो. विसरून गेला इथे."

"विसरला न्हाई. ठेवून गेला."

हेल्मेटवर, कानाच्या जरा वर, एक काळा पट्टा उमटला होता. बोटभर रुंद.

"माझ्या टायरचं रबर आहे," केतकी म्हणाली. "रॉकेलने पुसलं की जाईल."

"जाईल."

"त्याला काही लागलं नव्हतं."

"न्हवतं लागलं."

"तो पडला त्यात माझी चूक नव्हती. तो आणि कुंपण यांच्यामध्ये जागा होती. मी बघितली. बघूनच गाडी घातली. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते."

"वाजवत होते." अप्पांनी हेल्मेट हातात फिरवलं. "ओवेन कुठं आहे आता?"

"मला काय माहीत? शर्यत सोडली म्हणतात. घाबरट असेल."



अप्पांनी ते हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घातलं, शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर हात टेकत टेकत खाली बसले आणि कुशीवर आडवे झाले. एक गाल जमिनीला. इस्त्रीचा कोट, संघाचा टाय, सगळं तसंच.

शेडमध्ये चेन घट्ट करत असलेली पोरं पाना हातात घेऊन थांबली.

"अप्पा, उठा. काय करताय?"

"माझ्या डोक्याजवळनं चालत जा. बूट आहे न्हवं पायात?"

"लोक बघताहेत."

"बघू देत. जा."

ती गेली. आता एवढं आलंच आहे तर मागे काय हटायचं, म्हणून मुद्दाम जवळून गेली. लोखंडी तळवा सिमेंटवर खण्ण वाजला. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि ती पलीकडे होती.

अप्पा उठले. त्यांनी हेल्मेट काढलं, कोट झटकला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"काय झालं?"

"मला वाटलं हुतं, डोळे उघडे ठेवीन." ते हेल्मेट फळीवर ठेवायला वळले. "मिटले."

ती हातमोजे चढवत राहिली. नाटकं, ती मनात म्हणाली. यांना सरळ बोलता येत नाही. पण हातमोजा उलट्या हातात गेला होता, तो काढून तिला पुन्हा घालावा लागला.

"आज मला बाहेर बसवणार का?" तिने पाठमोऱ्या अप्पांना विचारलं.

"कशाला? शेवटची शर्यत तुझीच."

"आणि जिंकले, तर त्या माणसाला हो म्हणाल? तो पुन्हा विचारणार आहे तुम्हाला."

"जिंकलीस तर त्याला दिसंल की. त्याला काय मला विचारावं लागतंय?"

सामना शेवटच्या शर्यतीपर्यंत बरोबरीत आला. हंगामभर रिकामी राहणारी बाकं त्या दिवशी भरली होती. वरच्या लीगचा माणूस करड्या टोपीत दुसऱ्या रांगेत बसला होता. केतकीने त्याला एकदाच पाहिलं आणि मग पाहायचं टाळलं.

फिती वर गेल्या.

केतकीने क्लच किंचित उशिरा सोडला. सबंध हंगामात झालं नव्हतं ते आज झालं. पाहुण्या संघाचे दोघं पुढे, त्यांच्यामागे केतकी, तिच्यामागे तिच्याच संघातला मुलगा. ओली माती तोंडावर गोळ्यांसारखी बसत होती. तिने चष्म्यावर चिखलासाठी लावलेल्या पारदर्शक पापुद्र्यांतला एक ओढून फेकला, मग दुसरा.

तिसऱ्या फेरीत ती पाहुण्यांच्या कॅलमच्या मागच्या चाकाला भिडली. कॅलम हा लाल केसांचा, सतत काहीतरी बडबडणारा, सामन्याआधी दोन्ही संघांना चिप्स वाटणारा मुलगा. वळणाच्या तोंडाशी त्याचं मागचं चाक नको तितकं बाहेर गेलं. गाडी एकीकडे कुंपणावर जाऊन आदळली, कॅलम दुसरीकडे. पट्टीच्या मधोमध तो कुशीवर पडला.

त्याच्या आणि आतल्या पांढऱ्या रेषेच्या मध्ये जागा होती.

केतकीला ती दिसली. मे महिन्यात होती त्याहून मोठी होती. जागेपलीकडे फक्त एक गाडी, एक फेरी, आणि दुसऱ्या रांगेतली करडी टोपी.

कॅलमचा गाल जमिनीला होता.

तिने गाडी टाकली.

चांगली टाकली नाही. बुधवारची पोरं टाकत तशी तर नाहीच. हँडल उशिरा सोडलं, खांदा आधी आपटला, गाडी तिला ओढत, गोल फिरवत घेऊन गेली आणि कॅलमपासून हातभर अलीकडे थांबली. शर्यत थांबवणारे लाल दिवे लागले. इंजिनं एकेक करून बंद पडली. 

ती पाठीवर पडून आभाळ बघत होती. डावा हात उचलायला गेली तर उचलला गेला नाही.

अप्पा पट्टी ओलांडून येताना तिला दिसले, तो न वाकणारा पाय ओढत. आणि ते तिच्याकडे आले नाहीत. आधी कॅलमकडे गेले. त्याच्यापाशी वाकले, त्याच्या तोंडाकडे बघितलं, काहीतरी विचारलं. मग तिच्याकडे आले.

मरू दे, ती मनात म्हणाली. आपला माणूस कोण तेसुद्धा यांना कळत नाही.

मैदानावरच्या डॉक्टरीणबाईंनी खांद्यावरून बोटं फिरवली. "गळपट्टीचं हाड गेलंय. आज पुन्हा पळायचं नाही."

"पंच मला पळू देतील," केतकी म्हणाली. "नियम आहे, शर्यत पुन्हा होते. पडून शर्यत थांबवली त्याने, बाद तो. मी वाचवायला गाडी टाकली, मला पुन्हा पळता येतं."

"उभी राहून दाखव," बाई म्हणाल्या.

तिने प्रयत्न केला. मग पुन्हा पाठ टेकली.

अप्पा तिच्याशेजारी त्या ओल्या मातीत बसले. पाय लांब सोडून, जेवायच्या पंगतीत बसावं तसे.

दुसऱ्या रांगेतली करडी टोपी आता जागेवर नव्हती. तो माणूस खाली उतरून कुंपणापाशी येऊन उभा होता, खिशात हात घालून इकडेच बघत होता. आता हा विचारणार, केतकीच्या मनात आलं. आणि अप्पा पुन्हा तेच सांगणार. अजून तयार नाही. आता तर दाखवायला मोडलेलं हाडसुद्धा आहे.

"जागा होती, अप्पा," ती म्हणाली.

"होती."

"तुम्हाला दिसली?"

"दिसली की. चांगली होती."

"मी गेले असते."

"गेली असतीस."

"जिंकलो असतो आपण."

"कदाचित."

"मग..." ती खोकली. घशात माती होती. "मग मी टाकली कशाला?"

अप्पांनी तिच्या चष्म्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला. दुसरी काच पुसली.

तेवढ्यात कॅलम उठला. त्याने हात झटकले, पाय झटकले, तोंडातली माती थुंकली आणि हेल्मेट काखेत मारून लंगडत लंगडत त्यांच्यापाशी आला. लाल केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"अगं बाई," तो म्हणाला, "एवढी जागा होती. माझी आजी तिची बाजाराची ढकलगाडी घेऊन गेली असती त्यातून. तू कशाला लोळण घेतलीस?"

आणि तो हसायला लागला. बरगडी दुखली असावी, कारण एक हात तिथे दाबून धरला, पण हसायचा थांबला नाही.

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "ज्याच्यासाठी पडले, तो हसतोय मला."

अप्पांनी मान वर करून कॅलमकडे पाहिलं. मग शेडकडे, जिथे ओवेनचं हेल्मेट फळीवर होतं, तिकडे पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "हसतोय."