चालली पाहिजे, पण हलायची नाही!

"गाडी चालली पाहिजे, पण हलता कामा नये!" सरकारांनी फर्मावलं.

मी दगडू मिस्त्री, करंजगड संस्थानच्या मोटारखान्याचा प्रमुख. "जी सरकार!" म्हणून मी मान डोलावली. हुकूम कळला नाही, की मी जरा जास्तच जोरात डोलावतो.

सरकारांचा जुना ट्रक, चारही चाकांनी ओढणारा, वेग घेतला की कोल्ह्यासारखा केकाटायचा. आधी मी टायरांवर खापर फोडलं. चारही बदलले, केकाटणं तसंच! मग चाकांची बेअरिंगं बदलली. त्या खटाटोपात तीन नट उरले, ते गुपचूप खिशात टाकले. आणि परवा देवीला जाताना त्या आवाजानं सरकारांच्या मेहुण्यांचा घोडा उधळला. मेहुणे थेट निवडुंगात!

"आता संशयित दोनच," सरकार गरजले. "मोठी पेटी म्हणजे गिअरबॉक्स, आणि तिच्यामागची धाकटी ट्रान्सफर, जी पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देते. यातली चोर कोण, ते सांग. पण एक नट खोलायचा नाही, आणि ट्रक वीतभर हलवायचा नाही! चुकलास, तर उद्यापासून मोटारखान्यात पाय ठेवायचा नाही!"

आवाज येणार चालताना, आणि ट्रक हलवायचा नाही! मी डोकं धरून तिथंच बसलो. वीस वर्षांत मला दुसरं कुठलं काम आलं नव्हतं. हेही आलं होतं, असं छातीठोक सांगता येणार नाही.

मुदपाकखान्यात पीठ द्यायला आलेली कोंडाबाई हे सगळं ऐकत उभी होती. गावची गिरणी तीच चालवायची.

"मिस्त्री, यात रडायचं काय?" ती म्हणाली. "माझी गिरणी कुरकुरली, की मी पट्टा उतरवते आन् नुसतं इंजिन चालवते. कुरकुर ऱ्हायली तर इंजिनाची, गेली तर जात्याची. तुमच्या ह्या दोन पेट्यांचा पट्टा कुठं हाय?"

"अगं बाई, इथं पट्टा नसतो! धाकट्या पेटीला दांडा असतो. तो मधोमध ठेवला, की मोठी पेटी नुसती फिरते, चाकांपर्यंत जोर जातच नाही..."

एवढं बोलून माझं तोंड उघडंच राहिलं.

"मग ठेवा की मधोमध!"

ठेवला. इंजिन सुरू केलं. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, चौथा! मोठी पेटी भरधाव फिरत होती, आणि ट्रक जागच्या जागी! सरकारांनी वाकून कान लावला. केकाटणं? छे, नावालाही नाही!

"मोठी सुटली, सरकार!" कोंडाबाई म्हणाली. "चोर धाकटी!"

मागच्या अंगणात एक मोडका ट्रक पडून होता. त्याची धाकटी पेटी काढली आणि चौघांनी उचलून इथं बसवली. आधी मी ती उलटी धरली होती, पण ते सांगायलाच हवं असं नाही. मग सरकारांनी स्वतः वेशीपर्यंत ट्रक पिटाळला. गुमान गेला, गुमान परत आला!

"दगडू!" सरकार खाली उतरले. "हिला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही, तरी हिला सुचलं. तुला का नाही सुचलं?"

माझ्याआधी कोंडाबाईच बोलली, "सरकार, मिस्त्रींना समदं ठाव हाय. त्यांना ऐकायची गरजच पडत न्हाई!"

सरकारांच्या मिशा हलल्या. "याला तर मी घरी बसवणारच. तू बोल, काय हवं ते माग!"

"मग मिस्त्रींना ऱ्हाऊ द्या."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. सरकारांचाही बसला नसावा.

"याला? या चुकांच्या गाठोड्याला? ते कशासाठी?"

"सरकार, यांच्या निम्म्याहून जास्त चुका करून झाल्यात. नवा मिस्त्री आणलात, तर तो पहिल्यापासून सुरू करंल!"

सरकार असे हसले, असे हसले, की फेटा सुटून खांद्यावर आला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी कोंडाबाईला दिलं. आणि मला दिली माझीच नोकरी, उरलेल्या चुका करायला!