विसाजीपंतांचं नाव

कमाविसदार विसाजीपंत कचेरीत रोज उशिरा यायचे. म्हणून गावात वरात रखडली तरी लोक म्हणत, "वरात विसाजी झाली!"

ही म्हण राधाक्का कासारणीनं काढली, हे कळताच पंतांनी तिला भर कचेरीत उभं केलं. "हा शब्द बंद कर, नाहीतर गाव सोड!"

राधाक्कानं धीरानं हात जोडले. "सरकार, लोकांच्या तोंडचा शब्द मला कसा पुसता येईल? त्याचा अर्थ बदलणं मात्र तुमच्या हाती आहे. महिनाभर वेळेवर या, म्हणजे वेळ पाळणाऱ्यालाच लोक विसाजी म्हणतील."

कारकुनांनी हसू दाबलं. पंत मात्र ओशाळून हसले आणि त्यांनी तिला मानानं घरी धाडलं. दुसऱ्या दिवशी शिपाई कुलूप काढायला आला, तर पंत आधीच पायरीवर बसलेले!