भिवराईची पाटी

ही समोरची टेकडी बघा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उताराला आडव्या, पायऱ्या-पायऱ्यांसारख्या दगडी ताली दिसतात ना, त्या कोण्या राजानं बांधल्या नाहीत. डोक्यावर मातीची पाटी घेऊन ही टेकडी चढणाऱ्या एका बाईमुळं त्या उभ्या राहिल्या, असं आमच्याकडं सांगतात.

त्या काळी टेकडी उघडीच होती. पाऊस झाला की वरच्या वावरांतली माती वाहून खाली यायची, आणि सगळ्यात खालचं वावर भिवराचं. नवरा गेलेला, घरात ती आणि म्हातारी सासू. वरच्यांच्या शेतात नुसता मुरूम उरला, नि भिवराची बाजरी डोक्याएवढी. पहिली दोन सालं तिलाही बरं वाटलं. तिसऱ्या साली कणसं खुडताना तिची नजर वर गेली. वरच्या वावरातल्या रावजीची बायको दगडाधोंड्यांतून मूठ-मूठ बाजरी गोळा करत होती. त्या दिवशी भिवराच्या घशाखाली भाकर उतरली नाही म्हणे.

सुगी सरली. भिवरानं आपल्या वावरातली माती पाटीत भरली, टेकडी चढली आणि रावजीच्या शेतात ओतली.

सासू कळवळली, "अगं, देवानं दारात आणून टाकलं, ते तू परत नेतेस?"

"देवानं नाही आत्याबाई, पाण्यानं आणलं. दुसऱ्याचं दारात आलं म्हणून आपलं होतं का?"

लोक हसले. ती रोज चढत राहिली. रावजीचं आणि तिच्या नवऱ्याचं बांधावरून जुनं वैर. आठ दिवस तो नुसता बघत होता. नवव्या दिवशी आडवा आला.

"वहिनी, पाऊस पडला की ही परत खालीच येणार."

"येऊ द्या, भावजी. मी पुन्हा आणीन."

रावजीनं तिच्या डोक्यावरची पाटी आपल्या हातानं उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी तो उताराला आडवे दगड रचू लागला. त्याचं बघून शेजारचा, मग त्याच्या वरचा. मृगापर्यंत सगळी टेकडी बांधून झाली.

त्या साली पाणी खाली आलं ते नितळ. माती वरच थांबली आणि पाणी जमिनीत मुरलं. संक्रांतीलाच तळ दाखवणारी भिवराची विहीर चैत्रातही भरलेली होती. तिनं ओंजळभर पाणी नेऊन सासूच्या हातावर ओतलं. म्हातारीनं ते डोळ्यांना लावलं.

आजही सुगीचं पहिलं कणीस वरचे शेतकरी पायथ्याच्या वावरात आणून ठेवतात. आणि कुठं ताल ढासळलेली दिसली, तर ती कुणाची हे न विचारता जाणारा-येणारा तिथं दगड लावतो. तुम्हीही उतरताना एक लावा.